वाऱ्याची खतावणी

गुळगुळीतपणाला आपल्याकडे फार मान. गुळगुळीत बोलणारा माणूस बढती घेऊन जातो, गुळगुळीत कागदाचं मासिक दुप्पट किमतीला खपतं, आणि दाढी गुळगुळीत केल्याशिवाय मुलगी बघायला जाऊ नये असा दंडक आमच्या आधीच्या पिढीपर्यंत तरी होता. खडबडीतपणाची मात्र कोणी दखल घेत नाही. रस्त्याच्या खडबडीतपणाची दखल घ्यायची म्हटलं तरी आधी निवडणूक जवळ यावी लागते.

पण एक गिऱ्हाईक असं आहे, की खडबडीतपणाची नोंद केल्यावाचून ते पुढे सरकतच नाही. ते म्हणजे वारा. (पाणी हे त्याचं चुलत भावंड, दोघांचे स्वभाव सारखेच.) पत्र्यावर, विमानाच्या पंखावर, जहाजाच्या पोटाखाली, चेंडूच्या सालीवर कुठे कण वर आलाय आणि कुठे खळगा पडलाय, याची नोंद वारा क्षणाक्षणाला घेत असतो आणि त्याची किंमत कुणाकडून तरी वसूल करत असतो. ही वसुली किती आणि ती कुठल्या खात्यावर पडते, हे शोधून काढायला माणसाला दीडशेहून अधिक वर्षं लागली, आणि काम अजून पुरं झालेलं नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात घसारा होता, पण घर्षण नव्हतं. तरीही हा इतिहास वाचताना मला परक्या गावात आल्यासारखं वाटलं नाही. कारण तो मुळात हिशेबनिसांचा इतिहास आहे. ऊर्जा अमुक इतकी निघाली, तमुक इतकी पोचली, मधली गेली कुठे? बँकेत हा प्रश्न संध्याकाळी विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत कोणी घरी जात नाही. शास्त्रज्ञांनी तो एकोणिसाव्या शतकात विचारला, आणि ते अजून घरी गेलेले नाहीत.

पहिली महत्त्वाची नोंद फ्रान्समधली. आंरी दार्सी हा दिजाँ शहराला नळाचं पाणी आणून देणारा इंजिनिअर. नळातून किती पाणी येईल हे काढायला त्या काळी प्रोनी नावाच्या विद्वानाचं सूत्र वापरत. सूत्र सुबक होतं; फक्त नळ आतून कसा आहे, याला त्यात रकानाच नव्हता. दार्सीनं नवे नळ घेतले, जुने घेतले, आत पुटं चढलेले घेतले, तेच घासून पुन्हा मोजले, आणि १८५७ साली जाहीर केलं की नळाच्या अंतरंगानं फरक पडतो! हे सत्य गिरगावातल्या कुठल्याही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईनं त्याला फुकटात सांगितलं असतं. पण तिनं सांगितलं असतं ती तक्रार, आणि दार्सीनं मांडला तो आकडा. तक्रारीचा आकडा झाला की तिला शास्त्र म्हणतात.

पुढचा गृहस्थ ऑसबोर्न रेनॉल्ड्स, मुक्काम मँचेस्टर, साल १८८३. यानं काचेच्या नळीतून पाणी सोडलं आणि त्यात रंगाची एक बारीक धार सोडली. वेग कमी असताना ती धार शिस्तीत सरळ जाई. तोटी आणखी उघडली की एका क्षणी धार थरथरे, फिसकटे आणि सगळ्या नळीभर रंग होई. शास्त्रीय मराठीत याला संक्षोभ म्हणतात. आपण सरळ गोंधळ म्हणू. गोंधळ कधी सुरू होणार, हे वेग, नळीची रुंदी आणि पाण्याचा दाटपणा यांच्या मेळातून निघणाऱ्या एका आकड्यावर ठरतं. रेनॉल्ड्सनं पाणी फार निगुतीनं स्थिर ठेवलं होतं, म्हणून त्याच्या नळीत गोंधळ माजायला तो आकडा १३,००० च्या आसपास जावा लागला. गंमत अशी, की त्याचं ते उपकरण मँचेस्टरात जपून ठेवलेलं आहे आणि मोटारींच्या काळात त्यावर तोच प्रयोग पुन्हा केला, तर गोंधळ पुष्कळ आधी सुरू झाला. कारण काय, तर बाहेरच्या रहदारीची थरथर!

आता मुख्य पात्राचा प्रवेश. लुडविग प्रांटल हा जर्मन माणूस तरुणपणी न्यूरेंबर्गच्या एका कारखान्यात होता. तिथे यंत्राखालचा कीस हवेनं खेचून नेणारी एक नळकांड्यांची व्यवस्था होती, ती सुधारायचं काम त्याच्याकडे आलं. नळकांडं पुढे रुंद होत गेलं की हवा त्याच्या भिंतीला धरून जाईना, मधेच भिंत सोडून देई. दुसरा कोणी असता तर नळकांडं दुरुस्त करून बिल लावून मोकळा झाला असता. प्रांटल ‘हवा भिंत का सोडते’ हा प्रश्न डोक्यात घेऊन बाहेर पडला.

उत्तर त्यानं १९०४ साली हायडेलबर्गला, गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत दिलं. बोलायला दहा मिनिटं मिळाली होती. आपल्याकडे दहा मिनिटांत अध्यक्षांचा परिचयसुद्धा आटोपत नाही. त्या दहा मिनिटांत त्यानं सांगितलं, की वाहणारी हवा जिथे भिंतीला टेकते तिथे ती मुळी हलतच नाही. तिच्या वरचा थर थोडा सरकतो, त्यावरचा आणखी थोडा, आणि असं करत करत एका पातळ पदरातच वेग शून्यापासून पुऱ्यापर्यंत जातो. हा पदर म्हणजे सीमास्तर. घर्षणाची सगळी भानगड या पदराच्या आतली; बाहेर कुणाला पत्ता नाही. शंका असेल त्यानं घरचा पंखा बंद करून त्याची पाती पाहावीत. उन्हाळाभर गरगरलेल्या पात्यावर धुळीचा थर का बसतो? कारण पातं कितीही धावलं तरी त्याला चिकटलेली हवा त्याच्याबरोबरच धावते; धुळीला वारा असा लागतच नाही.

प्रांटलनं हे नुसतं कागदावर मांडलं नाही. त्यानं पाण्याचा एक पाट तयार केला, हातानं फिरवायच्या चाकानं त्यात पाणी खेळवलं, पाण्यात अभ्रकासारखी चकाकणारी पूड सोडली आणि तिचे फोटो काढले. ती पूड जिथे जाते तिथे पाणी जातं, हे साधं तत्त्व. ही पूड वाचकांनी लक्षात ठेवावी. ऐंशी वर्षांनी ती पुन्हा येणार आहे.

मधल्या काळात दोन प्रयोगशाळांचा ताळा जुळेना. पॅरिसचा मनोरा बांधणारे गुस्ताव्ह एफेल उतारवयात वाऱ्याचे प्रयोग करत होते. गोल चेंडूवर हवेचा अडथळा किती, याचा त्यांचा आकडा आणि प्रांटलच्या गटिंगनचा आकडा यांत दुपटीहून जास्त तफावत! गटिंगनच्या मंडळींना वाटलं, एफेलसाहेब कुठेतरी दोनचा गुणक विसरले. ज्येष्ठ माणसाला बेरीज येत नाही म्हणून सुचवणं कुठल्याही कचेरीत महागात पडतं. एफेल चिडले आणि त्यांनी वेगवेगळ्या वेगांना सगळं पुन्हा मोजलं. निघालं असं, की दोन्ही वह्या बरोबर होत्या! वेग एका मर्यादेपलीकडे गेला की चेंडूवरचा अडथळा एकदम कोसळतो. एक जण मर्यादेच्या अलीकडे मोजत होता आणि दुसरा पलीकडे. १९१४ साली प्रांटलनं यावर कळस केला. गुळगुळीत चेंडूभोवती त्यानं एक बारीक तार गुंडाळली, म्हणजे मुद्दाम खडबडीतपणा आणला, आणि कमी वेगालाही अडथळा कमी झाला.

म्हणजे खडबडीतपणा नेहमी नावेच पडतो असं नाही. कधी कधी तो जमेलाही असतो. तारेमुळे चेंडूलगतचा पदर गोंधळतो, गोंधळलेला पदर वरची वेगवान हवा आत ओढून घेतो, म्हणून चेंडूला जास्त वेळ धरून राहतो आणि मागे ओढणारी पोकळी लहान होते. गोल्फवाल्यांना हे शास्त्राशिवायच उमगलं होतं. कोऱ्या गुळगुळीत चेंडूपेक्षा टोले खाऊन चेहरा बिघडलेला चेंडू लांब जातो, हे पाहून ते नवे चेंडूच ठोकून घेत. १९०५ च्या सुमारास विल्यम टेलर या इंग्रजानं चेंडूवर नेमक्या खळग्यांचं पेटंट घेतलं आणि ठोकणाऱ्यांचा त्रास वाचला. आपल्या ओळखीचा नमुना म्हणजे क्रिकेटचा चेंडू. तिरप्या शिवणीच्या बाजूची हवा गोंधळून चेंडूला धरून राहते, गुळगुळीत बाजूची लवकर सुटते, आणि चेंडू शिवणीच्या दिशेनं वळतो. गोलंदाज विजारीवर एकच बाजू का घासत असतो, ते आता लक्षात यावं. बिचारा सीमास्तर सांभाळत असतो. धोब्याला ते कळत नाही एवढंच.

पण खडबडीतपणा मोजायचा कशात? वजनाला किलो आहे, कापडाला मीटर आहे, खडबडीतपणाला काय? हा प्रश्न सोडवला योहान निकुराद्से यानं. हा मूळचा जॉर्जियातल्या सामत्रेदियाचा. शिकायला जर्मनीत आला, १९२१ साली मायदेश सोव्हिएट अमलाखाली गेला, आणि परतीची वाट बंद झाली. प्रांटलच्या हाताखाली त्यानं जे काम केलं, ते पाहून कुठल्याही कारकुनाचा ऊर भरून यावा. त्यानं वाळू चाळली. नुसती चाळली नाही, दोन चाळण्यांच्या मधे पकडली. ०.८ मिलिमीटरचा कण हवा, तर ०.८२ च्या चाळणीतून पडेल आणि ०.७८ च्या चाळणीत अडकेल तेवढाच घ्यायचा. शेकडो कण पुन्हा मापून बघायचे. मग नळीला आतून लॅकर लावायचं, वाळू भरायची, जादा वाळू ओतून टाकायची, वाळवायचं आणि कण सुटू नयेत म्हणून वरून पुन्हा लॅकर. अडीच, पाच आणि दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळ्या आणि कण-व्यासाची सहा प्रमाणं, सगळ्यांतून पाणी सोडून मोजमापं, आणि १९३३ साली निबंध प्रसिद्ध. पुढच्याच वर्षी, नाझी कारभारातल्या संस्थेमधल्या आरोप-प्रत्यारोपांत, त्याला गटिंगन सोडावं लागलं. वाळू मात्र राहिली.

राहिली म्हणजे इतकी, की तीच चलन झाली. १९३७ ते ३९ च्या दरम्यान लंडनमध्ये कोलब्रुक आणि व्हाइट यांनी बाजारात मिळणाऱ्या नळांचा हिशेब बसवला आणि १९४४ साली अमेरिकेतल्या मूडीनं त्याचा एक तक्ता काढला. त्यात बिडाचा नळ म्हणजे ०.२६ मिलिमीटर, जस्त चढवलेला ०.१५, पोलादी ०.०४६. हे मिलिमीटर त्या त्या नळाच्या उंचवट्यांचे नव्हेत, ते वाळूचे! म्हणजे या नळात प्रवाहाला जेवढा त्रास होतो, तेवढाच त्रास द्यायला निकुराद्सेची वाळू केवढी घ्यावी लागली असती, तो आकडा. जसं कुठल्याही देशाचं कर्ज डॉलरमध्ये सांगतात, तसा जगातला कुठलाही खडबडीतपणा गटिंगनच्या वाळूत सांगतात.

इथे खरी मेख आहे. पृष्ठभागाकडे बघून, त्याचे उंचवटे मोजून, त्याची ‘वाळू’ सांगता येत नाही. दोन पत्र्यांचे उंचवटे सारख्याच उंचीचे असतील, पण एकाचे दाट आणि दुसऱ्याचे विरळ, एकाचे टोकदार आणि दुसऱ्याचे बसके असले, तर वारा त्यांना वेगवेगळा भाव लावतो. का लावतो, हे बघायचं तर त्या कणांच्या गल्लीबोळांत शिरून वाऱ्याचे भोवरे मोजायला हवेत. आणि मोजणार कशानं?

हत्यारं होती. पण १७३२ सालची पितोची नळी म्हणजे वाऱ्यात धरलेली काठीच. १९१४ साली किंग या शास्त्रज्ञानं तापवलेल्या बारीक तारेचं गणित बसवलं: वारा लागला की तार गार होते, किती गार होते त्यावरून वेग काढायचा. या तारेनं पुढे कित्येक वर्षं इमानानं नोकरी केली. पण कणामागच्या खोबणीत वारा उलटा फिरत असतो, आणि तारेला फक्त गार होणं ठाऊक. वारा पुढून आला की मागून, हे ती सांगू शकत नाही. म्हणजे रक्कम लिहिली, पण नावे की जमा ते लिहिलंच नाही! आपले सतीश धवन यांनी १९५१ साली अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये पीएच.डी. करताना निराळीच वाट धरली. सपाट भिंतीचा छोटा तुकडा त्यांनी सुटा ठेवला आणि वारा त्याला किती ओढतो ते थेट मोजलं. हेच धवन पुढे १९७२ साली ‘इस्रो’चे अध्यक्ष झाले. पण ही झाली एकूण वसुली. कुठल्या भोवऱ्यानं किती नेलं, हा तपशील तीत नव्हता. आणि नळी घाला की तार घाला, ती मधे आली की वारा बिचकतो. तपासनीस टेबलाशी उभा असला की शाखेतली माणसं जशी वागतात, तशी ती एरवी वागत नाहीत, वाऱ्याचंही तसंच.

स्पर्श न करता तपासणी करणारा तपासनीस मिळाला तो लेसरच्या रूपानं. १९६० साली मायमननं पहिला लेसर पेटवला. चारच वर्षांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ये आणि कमिन्स यांनी वाहत्या पाण्यातल्या सूक्ष्म कणांवर लेसर टाकून, परतलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या कंपनावरून वेग काढला. उत्तम; पण एका वेळी एकाच बिंदूचा. एका खिडकीवर बसून सगळ्या शाखेचा कारभार कळत नाही. मग १९७७ च्या सुमारास आणि पुढे १९८४ साली, जेव्हा रोनाल्ड एड्रियन आणि इतरांनी ‘पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्री’ हे लांबलचक नाव रूढ केलं तेव्हा, प्रांटलची ती पूड परत आली!

युक्ती अशी. हवेत तेलाचे बारीक तुषार सोडायचे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. लेसरचा किरण भिंगांतून पसरवून पापडासारखा पातळ पडदा करायचा. तो क्षणभर चमकवायचा, फोटो. पुन्हा चमकवायचा, दुसरा फोटो. वारा सेकंदाला दहा मीटर असेल आणि दोन चमकांत सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी वीस भागांचं अंतर असेल, तर तुषार ०.२ मिलिमीटर सरकतो. हजारो तुषारांतला कुठला कुठला, हे ओळखायचं कसं? ओळखायचं नाहीच. वरातीचे लागोपाठ दोन फोटो घेतले, तर प्रत्येक वऱ्हाडी ओळखावा लागत नाही. बँडवाल्यांचा घोळका कुठून कुठे गेला ते दिसतं. तसे फोटोचे चौकोन पाडायचे आणि एकेक घोळका दुसऱ्या फोटोत कुठे सर्वांत चांगला जुळतो ते पाहायचं. पहिली काही वर्षं हे फिल्म धुऊन चालायचं. १९९१ साली विलर्ट आणि घारीब यांनी फिल्मच काढून टाकली आणि काम संगणकाकडे गेलं. अशा रीतीनं हवेच्या अख्ख्या पटाचा वेग, दिशेसकट, एका दमात हाती आला.

खडबडीत पृष्ठभागानं इथेही आपला स्वभाव सोडला नाही. लेसर त्याच्यावर आपटला की तो असा लखलखतो, की कॅमेऱ्याचे डोळे दिपतात. आणि तेही नेमके भिंतीलगत, जिथे बघायचं असतं तिथेच. मग काळा रंग दे, कधी असा रंग दे की जो लेसर गिळून निराळ्याच रंगाचा प्रकाश टाकेल आणि तो कॅमेऱ्यापुढच्या गाळणीत अडेल. वाऱ्याऐवजी पाणी चालणार असेल तर त्याहून नामी युक्ती: ॲक्रिलिकचे बारीक पिरॅमिड करून ते सोडियम आयोडाइडच्या अशा द्रावणात ठेवायचे, की दोघांतून प्रकाश सारखाच वळेल आणि पिरॅमिड दिसेनासेच होतील. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगात हे केलं. खडबडीतपणा दिसावा म्हणून त्याला अदृश्य करणारे हे एकटेच असावेत.

एवढ्या खटाटोपातून तपासायचं होतं ते टाउनझेंड या शास्त्रज्ञाचं १९५६ सालचं एक अनुमान. भिंतीपासून थोडं दूर गेलं की वरच्या वाऱ्याला खालचे कण कसे आहेत हे कळतच नाही. त्याला कळतो तो फक्त एकूण घर्षणाचा आकडा. मला हे वाचताच पटलं. प्रत्येक बँकेचं मुख्य कार्यालय याच तत्त्वावर चालतं. काउंटरवर कोण कुणाच्या अंगावर ओरडलं, कोणाचं पेन्शन अडलं, यातलं वर काही जात नाही. जाते ती दिवसाची बेरीज. मोजमापांनी टाउनझेंडला बऱ्याच अंशी दुजोरा दिला, पण एक अट घालून. माद्रिदच्या हिमेनेझ यांनी २००४ साली लिहिलं, की सीमास्तराची जाडी कणांच्या उंचीच्या निदान चाळीसपट तरी हवी. त्याहून पातळ असेल, तर काउंटरचा आरडाओरडा वरपर्यंत ऐकू जातो.

हे सगळं कशासाठी, असं कोणी विचारील, तर जहाजाच्या पोटाकडे बोट दाखवावं. तिथे आधी शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो, मग शिंपले घर करतात. मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ साली एका युद्धनौकेच्या जातीचा हिशेब मांडला, तेव्हा शिंपल्यांनी पुरतं माखलेलं पोट घेऊन नेहमीचा वेग राखायला यंत्राची ताकद ८६ टक्क्यांपर्यंत जास्त लागेल असं निघालं. शिंपला फुकट प्रवास करतो आणि त्याच्या तिकिटाचं तेल दुसरा कोणी जाळतो; त्याचा धूर तर आपल्या सगळ्यांच्या वाट्याला येतो.

आणि हा हिशेब कशात मांडला? वाळूत. लेसरचे पडदे झाले, हजारो रंगीत चित्रं झाली, कणामागचा एकेक भोवरा उलगडून दाखवला. तरी शेवटच्या रकान्यात ‘समतुल्य वाळू, इतके मिलिमीटर’ असंच लिहावं लागतं. उंचवट्यांवरून थेट तो आकडा देणारं, सगळीकडे चालणारं सूत्र अजून कुणाला मिळालेलं नाही. पृष्ठभाग वाऱ्यात धरून त्यालाच विचारावं लागतं. नव्वद वर्षांपूर्वी दोन चाळण्यांमधे पकडलेली ती वाळू अजून सगळ्या जगाच्या व्यवहारात फिरते आहे. निकुराद्से १९७९ साली वारला. त्याच्या खात्यावर व्याज जमा झाल्याचं मात्र कुठल्याही वहीत मला आढळलं नाही.